‘डूम इटर्नल’ खेळताना दमायला का होतं? दुसऱ्या भागाचं दुखणं

प्रश्न कोथरूडच्या, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाचा आहे. थोडक्यात असा: “दादा, २०१६चा ‘डूम’ मी तीनदा संपवला. मग सेलमध्ये ‘डूम इटर्नल’ घेतला. दिसायला भारी, शस्त्रं जास्त, हालचाली जास्त. सगळे मित्र म्हणतात पहिल्यापेक्षा हाच सरस. मी मात्र अर्ध्यावर सोडला. खेळताना मजा येण्याऐवजी दमायलाच होतं. माझं काही चुकतंय, की दुसरा भाग नेहमी असाच असतो?”

तुझं काही चुकत नाही. दुसरा भाग नेहमीच फसतो असंही नाही. पण ‘दमायला होतं’ हा शब्द तू अगदी नेमका वापरलास, कारण तुझं उत्तर त्यातच आहे.

मी पुण्यात गेली एकोणीस वर्षं गेम डिझाइन करतोय. सुरुवात बटणांच्या फोनवरच्या जावा गेमपासून झाली, आता बहुतेक काम मोबाइलचं आणि थोडं पीसीचं. त्यातली पाच-सहा वर्षं कुणा ना कुणाच्या दुसऱ्या भागावरच गेली. एक दुसरा भाग तर आम्ही स्वतःच्या हातांनी बुडवला. तो किस्सा पुढे सांगतो, आधी ‘डूम’, म्हणजे राक्षसांना गोळ्या घालत पुढे जायचा गेम.

२०१६च्या भागात एकदा सुपर शॉटगन हाती आली की बरेच जण शेवटपर्यंत तीच घेऊन फिरले. तूही फिरला असशील. गोळ्या पुरत होत्या. राक्षस अर्धमेला होऊन चमकायला लागला की जवळ जाऊन त्याला हातांनी संपवायचं, त्यातून आरोग्य मिळायचं. म्हणजे जीव कमी झाला की आडोशाला पळायचं नाही, उलट गर्दीत घुसायचं. एवढी एक गोष्ट त्या खेळाचा कणा होती. बाकी सगळं तुझ्या मर्जीवर: कुठली बंदूक, कुठल्या बाजूने, कुणाला आधी.

त्यावर एक तक्रार झाली, आणि ती खरी होती. इतकी शस्त्रं दिली, पण एकाने भागतं, त्यामुळे पुढेपुढे खेळ एकसुरी होतो. २०२०च्या ‘इटर्नल’मध्ये ही तक्रार मुळासकट उपटलेली आहे. गोळ्यांचा साठा मुद्दाम लहान ठेवलाय. गोळ्या हव्यात तर राक्षसांवर चेनसॉ, म्हणजे यांत्रिक करवत, चालव. चिलखत हवं तर खांद्यावरच्या यंत्रातून राक्षसांवर आग ओक. आरोग्य हवं तर पूर्वीसारखा हातघाईवर ये. चेनसॉचं थोडं इंधन आपोआप भरत राहतं, म्हणजे ती तू सारखी वापरावीस हेच अपेक्षित आहे. राक्षसांतला कॅकोडेमन दिसला की त्याच्या तोंडात ग्रेनेड, मँक्युबस दिसला की आधी त्याच्या हातांवरच्या तोफा फोडायच्या. आणि तो मरॉडर! डोळे हिरवे चमकतील तेवढ्याच क्षणी त्याला मार लागतो, बाकी वेळ तो ढाल पुढे करून उभा.

हे डिझाइन वाईट नाही. मला विचारशील तर दोघांत ‘इटर्नल’ जास्त कसून बनवलेला आहे, मी तो दोनदा खेळलोय. पण पहिल्या भागात दर मिनिटाला तुझ्या डोक्यात प्रश्न होता, “आता काय करू?” दुसऱ्या भागात तो झालाय, “आता काय करायला हवं ते आठवतंय का?” पहिला प्रश्न कट्ट्यावरचा, दुसरा सबमिशननंतरच्या ओरलचा. ओरलमध्ये रंगणारी माणसं असतात, तुझे मित्र त्यातले असतील. तू तीन वेळा जो खेळ संपवलास तो तुला आवडत होता नेमका त्या कारणासाठी, ज्याला बाकीचे उणीव म्हणत होते. उणीव भरून काढली आणि तुझी मजा तिच्याबरोबर गेली.

हे फक्त ‘डूम’चं नाही, या धंद्यात सारखं होतं. दुसरा भाग ठरवायच्या बैठकीत भिंतीवर दोन याद्या लागतात. एक तक्रारींची: लोक काय काय बोलले. दुसरी नव्या मालाची: जाहिरातीत काय दाखवायचं. पहिला भाग लोक का खेळत राहिले याची तिसरी यादी लागत नाही, कारण ते कुणी लिहून कळवलेलंच नसतं. मजा चालू असते तेव्हा माणूस खेळत असतो, लिहायला बसत नाही. लिहितो तेव्हा कुठेतरी ठेच लागलेली असते. आणि ती ठेच खेळाचा दोष आहे की खेळाचा जीव, हे तक्रारीच्या कागदावरून समजत नाही.

आता आमचा किस्सा. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी एक छोटा मोबाइल गेम केला होता. वरून दिसणारा नकाशा, पेठांसारख्या अरुंद गल्ल्या, आणि तुम्ही खाणावळीचे डबे पोचवणारा स्कूटरवाला. वेळेत पोचायचं, पण जोरात ब्रेक मारला, गतिरोधकावरून उडवली, वळण करकचून घेतलं की डब्यातली आमटी सांडते. सांडली की पैसे कापले. बस, एवढंच. गेम बरा चालला. प्रतिक्रियांमध्ये एकच रड: “डबा फार सांडतो.” दहातली सात पत्रं त्याचीच.

दुसऱ्या भागाला बाहेरून थोडे पैसे मिळाले. आम्ही नकाशा मोठा केला, पूल आले, टेकडी आली, पाऊस आला, पाच प्रकारच्या स्कूटर आल्या. आणि मोठ्या मनाने तिसऱ्याच लेव्हलला नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर विकत घ्यायची सोय दिली. बसवले की आमटी जवळजवळ सांडत नाही. तक्रार मिटली. आम्ही एकमेकांच्या पाठी थोपटल्या.

प्लेटेस्टला, म्हणजे गेम बाहेर काढण्याआधी खेळवून बघायला, आठ-दहा मुलं बोलावली होती. पहिल्या भागाच्या वेळी मी एक गोष्ट पाहिली होती, जिचं महत्त्व तेव्हा कळलं नव्हतं. वळण आलं की खेळणारा फोनबरोबर स्वतःही कलायचा, आणि गतिरोधकाच्या आधी श्वास रोखायचा. दुसऱ्या भागात शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवल्यावर कलणं बंद. मुलं ताठ बसून खेळत होती, चेहऱ्यावर एस.टी.ची वाट बघणाऱ्याचा भाव. एकाने तर खेळता खेळता दुसऱ्या हाताने भेळ खाल्ली. आम्ही विचारलं, “कसा वाटला?” सगळे म्हणाले, “छान आहे, ग्राफिक्स मस्त.” गेममध्ये मजा नसली की लोक ग्राफिक्सचं कौतुक करतात, हे तेव्हापासून मी लक्षात ठेवलंय.

झालं काय होतं? पहिल्या गेममध्ये वेग आणि आमटी या दोन गोष्टी एकमेकींच्या जिवावर उठलेल्या होत्या. दर वळणाला खेळणारा त्यांच्यात तडजोड करायचा. आम्ही एकीचे दात काढले. मग उरला फक्त वेग, आणि फक्त वेगाचे गेम आमच्यापेक्षा शंभरपट पैसा असलेली मंडळी करतात. पूल, टेकडी, पाऊस हे सगळं त्या तडजोडीला आणखी तिखट करू शकलं असतं. तडजोडच नसल्यामुळे ते भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं नुसतं लटकत राहिलं.

नंतर अपडेटमध्ये शॉक अ‍ॅब्सॉर्बर काढून टाकले. त्याऐवजी डब्यात काय आहे ते आधी दाखवायला लागलो. पोळीभाजी असेल तर उडव कशीही. ताक असेल तर लांबच्या पण गुळगुळीत रस्त्याने जा. तक्रारीमागचं खरं दुखणं हे होतं की सांडणं लोकांना अन्यायाचं वाटत होतं, आधी सांगितलं नव्हतं म्हणून. सांडणं नको होतं असं नव्हतं. पण तोवर उशीर झाला होता. दुसरा भाग पहिल्याच्या निम्मासुद्धा चालला नाही.

मोठ्या गेममध्येही हेच दिसेल, फक्त तिथे ते गोंगाटात लपतं. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ १९९९चा. त्यात गावकरी लाकूड तोडतो, खांद्यावर घेतो आणि लाकडाच्या तळावर नेऊन टाकतो. तळ लांब असेल तर निम्मा वेळ चालण्यात जातो, जंगलाच्या कडेला बांधलास तर शत्रूचे घोडेस्वार येऊन गावकरी कापतात. जंगल मागे सरकतं, पुन्हा नवा तळ. २००५च्या तिसऱ्या भागात ही ने-आण काढून टाकली. गावकरी झाडापाशी उभा राहतो आणि लाकूड परस्पर खात्यात जमा. सोय झाली, काही लोकांना हायसं वाटलं, आणि तिसऱ्या भागाचे चाहते आजही आहेत. पण तळ कुठे बांधायचा, हा जो दर दोन मिनिटांनी पडणारा बारका प्रश्न होता, तो गेला. बदल्यात मायदेशाहून मदत मागवायची पत्ते-पद्धत आली, आणि तेव्हा ते पत्ते बरेच सामने खेळून मिळवावे लागत. म्हणजे होस्टेलवर लॅन लावून बसलं की जुना खेळाडू जास्त चांगले पत्ते घेऊन बसणार. २०२०च्या नव्या आवृत्तीत सगळे पत्ते सुरुवातीपासून खुले केले, तेव्हा कुठे ते नीट झालं. दुसऱ्या भागाचे मोठे सामने मात्र पंचवीस वर्षांनंतरही भरतात.

माझ्या लहानपणी आम्ही सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या चौकात क्रिकेट खेळायचो. भिंतीपलीकडे चेंडू गेला की आउट, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत गेला तर आउट आणि वर आजोबांची बोलणी, हौदात गेला तर काढणार तोच. या नियमांबद्दल रोज भांडणं. मोठे झालो तसे स.प. कॉलेजच्या मैदानावर जायला लागलो, जिथे भिंत नाही, गॅलरी नाही, मारा किती हवं तेवढं. दोन रविवार उत्साह टिकला. मग लक्षात आलं की निम्मा वेळ चेंडू आणण्यातच जातोय. चौकात सरळ खाली मारायचं जे कसब आलं होतं त्याला इथे कुणी विचारत नव्हतं. ‘नकाशा चौपट मोठा’ असं एखाद्या दुसऱ्या भागाच्या जाहिरातीत वाचलं की मला ते मैदान आठवतं.

बक्षिसाच्या बाबतीत हा घोटाळा जास्त वाईट होतो. ‘डायब्लो २’ची (२०००) सगळी गंमत काय, तर राक्षस मेला की जमिनीवर काहीतरी पडतं, आणि हजारात एकदा असं काही पडतं की खुर्चीतून उठावं. २०१२च्या ‘डायब्लो ३’मध्ये लिलावघर आलं: वस्तू विका, विकत घ्या, अगदी खऱ्या पैशांतही. हेतू वाईट नव्हता. दुसऱ्या भागात लोक बाहेरच्या बाहेर हे सौदे करतच होते आणि त्यात फसवले जात होते, ते सरळ मार्गाने व्हावं एवढंच. पण परिणाम असा झाला की चांगली तलवार मिळवायचा सोपा रस्ता राक्षस मारणं हा राहिला नाही, बाजारात जाणं हा झाला. स्वतःला जे सापडायचं ते बाजारातल्या मालापुढे भंगार. २०१४च्या मार्चमध्ये कंपनीने दोन्ही लिलावघरं (खेळातल्या सोन्याचं आणि खऱ्या पैशांचं) बंद केली, त्याच सुमारास वस्तू पडण्याची पद्धतही बदलली, आणि खेळ पुन्हा उभा राहिला. एवढ्या मोठ्या कंपनीने आपलीच जाहिरात केलेली गोष्ट उखडून टाकली, याचं मला आजही कौतुक वाटतं. आम्हाला शॉक अ‍ॅब्सॉर्बर काढताना तीन बैठका लागल्या होत्या.

गाड्यांच्या शर्यतींच्या ‘नीड फॉर स्पीड’ मालिकेतल्या ‘मोस्ट वॉन्टेड’चं उदाहरण तुमच्या पिढीलाही माहीत असेल. २००५च्या गेममध्ये सुरुवातीलाच तुझी बीएमडब्ल्यू हिरावून घेतात, आणि पंधरा जणांच्या यादीत एकेकाला हरवत वर चढायचं ते ती गाडी परत मिळवायला. २०१२ला त्याच नावाने नवा गेम आला. गाड्यांचा फील सुंदर, शहर सुंदर, समीक्षा चांगल्या. पण त्यात बहुतेक गाड्या शहरात इकडेतिकडे उभ्याच असतात. जवळ जा, बटण दाब, गाडी तुझी. सुरुवातीला श्रीमंत झाल्यासारखं वाटतं. तासाभराने कुठल्याच गाडीबद्दल काहीच वाटत नाही.

एवढं सगळं डिझाइनच्या माथी मारलं, पण एक कारण असं आहे ज्यात डिझाइनरचा फारसा दोष नसतो. पहिला भाग खेळताना तू शिकत होतास. हा राक्षस असा वागतो, ही भिंत चढता येते, इथे पाणी खोल आहे. आपल्या मेंदूला हे उलगडणं मनापासून आवडतं. दुसऱ्या भागात तू ते शिकून आलेला असतोस. मग डिझाइनरपुढे दोनच वाटा. तेच पुन्हा द्यायचं तर शिळं लागतं. बदलायचं तर आधी शिकलेलं मोडावं लागतं, आणि त्याचा राग येतो. जपानमध्ये १९८६ला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा दुसरा भाग निघाला तो दुसऱ्या वाटेने गेला. पहिल्या भागाने शिकवलं होतं की मशरूम दिसलं की खायचं, यात विषारी मशरूम आलं. पुढच्या लेव्हलला नेणारे वॉर्प झोन होते, यात मागे नेणारेही आले. पहिला भाग कोळून प्यायलेल्यांसाठीच केलेला खेळ. अमेरिकेसाठी तो फार अवघड वाटला, म्हणून तिकडे १९८८ला एका वेगळ्याच जपानी गेमला मारिओचा वेष चढवून ‘सुपर मारिओ २’ म्हणून विकलं. आपल्याकडे तपकीर गल्लीत मिळणाऱ्या त्या पिवळ्या कॅसेटींत यातलं काय असेल आणि काय नसेल याचा नेम नसायचा, त्यामुळे आमच्या पिढीचा मारिओचा इतिहास जरा गोंधळलेलाच आहे.

अगदी अलीकडचं आणि मला स्वतःला छळलेलं उदाहरण म्हणजे झेल्डा मालिका. २०१७च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये समोर डोंगर दिसला की हिशोब सुरू: दम पुरेल का, मध्ये टेकायला खडक आहे का, पाऊस आला तर हात घसरतील. २०२३च्या ‘टीअर्स ऑफ द किंगडम’मध्ये वस्तू जोडून यंत्रं बनवता येतात, आणि ते इतकं नीट चालतं की ते कसं केलं असेल हे कळायला मला आठवडा लागला. अजब कारागिरी आहे. पण दोन पंखे आणि एक सुकाणू जोडलं की उडती दुचाकी तयार होते. त्या दिवसापासून डोंगर हा प्रश्नच राहिला नाही. जमीनही बरीचशी तीच, ओळखीची. मी तो गेम आवडीने खेळलो, तरी पहिल्यातला तो पावसात कड्याला लटकून वैतागण्याचा प्रसंग मला दुसऱ्यात एकदाही आला नाही, आणि मी त्याची वाट बघत होतो.

हाताला जाणवणाऱ्या फरकाबद्दल थोडं, कारण याकडे खेळणारे लक्ष देत नाहीत आणि मग उगीच कथेला नावं ठेवतात. गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवत असेल तर प्रत्येक चित्र साधारण १७ मिलिसेकंदांचं, ३० दाखवत असेल तर ३३चं. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत अशी काही चित्रं जातात. दुसऱ्या भागात ग्राफिक्स वाढले, तुझं ग्राफिक्स कार्ड तेच राहिलं, की हा उशीर वाढतो. डोळ्यांना कळत नाही, बोटांना कळतं. त्यात भर म्हणजे खरीखुरी अ‍ॅनिमेशन. पूर्वी बटण दाबलं की पात्र उडी मारायचं. आता ते आधी गुडघे वाकवतं, हात मागे नेतं, मग उडतं. चित्रफितीत सुंदर, खेळताना चिखलात पाय रुतल्यासारखं. जीटीए मालिकेत ‘सॅन अँड्रियास’नंतर २००८ला ‘जीटीए ४’ आला तेव्हा माझ्या ओळखीतले निम्मे लोक “गाड्या जड लागतात” म्हणून परत मागे गेले. गाड्या जास्त खऱ्या होत्या, हे म्हणणं बरोबरच होतं. कुणाला त्या खऱ्या हव्या होत्या?

‘इटर्नल’ या बाबतीत निर्दोष आहे, उलट फार चपळ आहे. तरी तुझ्या पीसीवर तो अडखळत असेल तर सावल्या आणि टेक्स्चर खाली आणून बघ. इतक्या वेगवान गेममध्ये अडखळणं म्हणजे अर्धा थकवा तिथूनच.

पैशाची भानगड मोबाइलवर जास्त आहे. पहिल्या ‘अँग्री बर्ड्स’मध्ये मागच्या फेकीचा ठिपक्यांचा माग पडद्यावर राहायचा. तो बघून “जरा वर, किंचित कमी ओढून” असं करत करत माणूस शिकायचा, आणि चुकलं की लगेच पुन्हा. २०१५च्या दुसऱ्या भागात मोजके जीव आले. संपले की थांबा, नाहीतर पैसे किंवा जाहिरात. शिवाय पुन्हा प्रयत्न केला की मांडणी बदललेली असू शकते. म्हणजे चुकण्याला किंमत लावली आणि चुकीतून शिकलेलं वाया घालवलं. याबद्दल मी जास्त बोलत नाही, कारण असे जीव मोजणारे गेम मीही पगारासाठी केलेत. तिथे मजा कमी होणं हा अपघात नसतो एवढंच सांगतो.

आणि हो, आठवणींचा भाग असतोच. त्याच मालिकेतला ‘व्हाइस सिटी’ मी कर्वे रोडवरच्या एका सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन खेळलो. मागे दोन मित्र उभे, कागदावर लिहून आणलेले चीट कोड, आणि गुरुवार असला की लाइट जायची धास्ती. त्यातली किती मजा गेमची आणि किती त्या वीस रुपयांची, हे मला आजही सांगता येणार नाही. पण तुझ्या बाबतीत मी हे कारण बाद धरतो. तू दोन्ही भाग पाठोपाठ, त्याच खोलीत, एकट्याने खेळलायस. इतका स्वच्छ प्रयोग आम्हाला पैसे देऊनही जमत नाही.

तुला स्वतःला तपासायचं असेल तर आम्ही ऑफिसात करतो ते कर. पहिल्या भागाची मधली कुठलीही लेव्हल दहा मिनिटं खेळ आणि मोबाइलवर पडदा रेकॉर्ड करून घे. मग रेकॉर्डिंग थांबवत थांबवत बघ. जिथे जिथे तुझ्यापुढे दोन खरे पर्याय होते आणि तू एक निवडलास, तिथे वहीत खूण कर आणि समोर लिही: काय सोडलं, कशासाठी. दुसऱ्या भागाचं तसंच. खुणा मोजण्यापेक्षा त्यांच्यासमोर काय लिहिलंय ते वाच. माझा अंदाज, पहिल्यात “डावीकडच्याला आधी मारलं, कारण मनात आलं” अशी वाक्यं सापडतील. दुसऱ्यात “गोळ्या संपल्या म्हणून चेनसॉ” अशी. दुसऱ्या प्रकारच्या वाक्यात ‘म्हणून’ बाहेरून आलेला असतो.

सिव्हिलायझेशन मालिकेमागच्या सिड मायरच्या नावावर एक नियम सांगतात: नव्या भागात एक तृतीयांश जुनं तसंच ठेवावं, एक तृतीयांश सुधारावं, एक तृतीयांश नवं आणावं. आमच्याकडे तो नियम येणारा प्रत्येक जण ऐकवतो. अडचण अशी की त्यातला पहिला तृतीयांश कुठला, हे कुणी सांगत नाही. आम्ही तेव्हा स्कूटर, गल्ल्या आणि खाणावळीच्या मावशी जशाच्या तशा ठेवल्या होत्या, आणि आमटी सुधारली होती.

‘डूम’वाल्यांचं पुढे काय झालं तेही बघ. ‘इटर्नल’वरची मोठी तक्रार तुझीच होती, फार नियम, फार धावपळ. २०२५च्या ‘द डार्क एजेस’मध्ये त्यांनी चाल जड केली, हातात ढाल दिली, आणि हल्ला परतवायला मिळणारा अवधी, खेळाचा वेग, शत्रूचा मारा हे सगळं स्लायडर सरकवून बदलायची सोय दिली. आता ‘इटर्नल’चे भक्त म्हणतात, गेलं ते वैभव. तुझे ते मित्रही लवकरच तुझ्याच सुरात बोलायला लागतील.

‘इटर्नल’चं काय करायचं? अवघडपणा खाली आणलास तर शत्रूंचा मारा सौम्य होईल, पण शस्त्र बदलत राहण्याचा धोशा तसाच राहील, त्यामुळे नुसत्या त्याने सुटणार नाही. एक करून बघ. ‘डूम’चा दुसरा भाग म्हणून खेळू नकोस. जिथे सोडलायस तिथून पुढे नको, सरळ पहिल्या लेव्हलपासून, सगळ्यात सोप्या पातळीवर सुरू कर, आणि सुरुवातीच्या शॉटगनशिवाय दुसरं शस्त्र हाती आलं की पुढचे दोन तास शॉटगनला हातच लावायचा नाही असं ठरव. बाकीची शस्त्रं बोटात बसली की “आठवतंय का?” हा प्रश्न मागे पडतो आणि कधीकधी “काय करू?” परत येतो. माझा तो मरॉडरपर्यंत पोचेतो आला. तुझा नाही आला, तर २०१६चा भाग तुझ्या लायब्ररीत आहेच. चौथ्यांदा खेळताना सुपर शॉटगन मिळेल त्या लेव्हलपासून रेकॉर्डिंग सुरू कर. वहीची पानं मला दाखवलीस तर आवडेल, आमच्या नव्या मुलांना समजावायला माझ्याकडे सध्या फक्त स्वतःच्या आमटीचाच दाखला आहे.